झाली का हो तिसरी?

आमच्या गल्लीचं सरकारी नाव काहीतरी वेगळंच आहे. ते कुणाला ठाऊक नाही, आणि कुणाचं त्यावाचून अडतही नाही. शनिवार पेठेत रिक्षावाल्याला 'नाटकगल्ली' म्हटलं की तो नाक मुरडतो आणि आणून सोडतो. एके काळी या चिंचोळ्या गल्लीत तीन थिएटरं होती. एका टोकाला मोहिनी, तिथे तमाशाचे फड उतरत. दुसऱ्या टोकाला ललित टॉकीज. आणि मधोमध रंगविहार, नाटकांचं. सभ्य माणसं रंगविहारला उघड येत, ललितला सहकुटुंब येत आणि मोहिनीला मान खाली घालून येत. मान खाली घालून येणाऱ्यांची नावं मला अजून पाठ आहेत. त्यांतले बरेचजण आता हार घातलेल्या फोटोत गेलेत, म्हणून गप्प बसतो.

रंगविहारच्या बाजूच्या दारासमोर माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान. डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस कामात गढलाय असं लोकांना वाटतं आणि ते त्याच्यासमोर वाटेल ते बोलतात. भिंग एकाच डोळ्याला असतं, दुसरा मोकळा असतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही. कान तर दोन्ही मोकळे. तेव्हा आता जे सांगतोय ते सगळं पाहिलेलं आणि ऐकलेलं आहे. जिथे रचलेलं असेल तिथे मी खाकरेन.

गोष्ट कचरू ओव्हाळची. आईची आधीची दोन मुलं दगावली, म्हणून तिसऱ्याचं नाव कचरू ठेवलं, म्हणजे काळाला वाटावं की हा कचरा काय न्यायचा. काळ फसला. कचरू चांगला उंच, सडपातळ, कायम पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा. रोज दुपारी विश्रांतवाडीहून सायकलवर यायचा, पँटला क्लिप लावून. नट मंडळी त्याला 'कचरूशेट' म्हणत आणि तो त्यांच्याकडे असा बघे की पुढच्या खेपेला ते नुसतं 'कचरू' म्हणत. त्याचं काम पडदा ओढायचा आणि घंटा वाजवायची.

नाटकाला तीन घंटा असतात. पहिली म्हणजे चहा संपवा. दुसरी म्हणजे आता खरंच संपवा. तिसरी झाली की दिवे गेले, पडदा उठणार. तिसरीनंतर आत येणाऱ्याकडे पुण्यात ज्या नजरेनं बघतात तिच्यापुढे उन्हाळा थंड वाटतो. रंगविहारची घंटा पितळेची, चांगली मोठी, विंगेमागच्या बोळात टांगलेली. तिचा दोर कचरूच्या हातात. बोळाचं दार माझ्या दुकानासमोर उघडायचं आणि उशिरा येणारी मंडळी पुढून वळसा न घालता त्याच दारातून आत शिरायची. तिसरी इतकी वक्तशीर की मी घड्याळं तिच्यावर लावून गिऱ्हाइकाला परत देत असे. मग एका वर्षी गिऱ्हाइकं भांडायला येऊ लागली. दर रविवारी लावलेली घड्याळं मागे पडतात म्हणून.

मी भिंग काढलं आणि दोन्ही डोळ्यांनी बघायला लागलो.

रविवारच्या संध्याकाळच्या प्रयोगाला एक बाई यायची. विजयमाला काळभोर, लोणी काळभोरची, ऊसवाल्या घरातली मुलगी, पण हट्टानं नर्स झालेली. आमच्या मागच्या आळीत मावशीकडे राहायची आणि पेठेतल्याच एका दवाखान्यात ड्यूटी करायची. ड्यूटी सुटायची आणि नाटक सुरू व्हायचं ते एकाच वेळी. ती धावत यायची. एका हातात चप्पल, दुसऱ्या हातानं निऱ्या धरलेल्या, कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलेलं. पहिल्यांदा आली तेव्हा कचरूचा हात दोराकडे गेलाच होता. ती दारात थांबून म्हणाली, "झाली का हो तिसरी?"

कचरूनं हात खाली घेतला. म्हणाला, "नाही. व्हायचीये."

ती आत गेली, बसली, आणि मग तिसरी झाली. पुढची कितीतरी वर्षं दर रविवारी हेच. "झाली का हो तिसरी?" "नाही. व्हायचीये." बस्स. एवढंच संभाषण. मी कान देऊन ऐकत होतो, यापुढे एक अक्षर कधी गेलं नाही. कचरूचं लग्न झालेलं, अनिरुद्ध नावाचा मुलगा पाळण्यात. तो बौद्ध वस्तीतला, ती सत्तर एकरवाल्यांची. त्यामुळे अक्षर पुढे गेलं असतं तरी कुठपर्यंत गेलं असतं, हे शनिवार पेठेत कुणाला समजावून सांगायला लागत नव्हतं. हल्ली फार काही बदललंय असंही नाही, पण ते जाऊ दे. प्रकरण म्हणावं तर त्यात प्रकरण नव्हतं. नुसती घंटा थांबत होती.

मॅनेजर नागोराव होते. करडा माणूस, हसले की दात दुखत असावेत असा चेहरा. त्यांनी विचारलं, "कचरू, रविवारची तिसरी रखडते का?"

"दोर अडकतो, साहेब."

नागोरावांनी दोराला तेल घातलं. पुढच्या रविवारी पुन्हा अडकला. कप्पी बदलली. अडकला. शेवटी नवा दोर आणला.

"आता?" नागोराव म्हणाले.

"नवा आहे, साहेब. सवय व्हायला वेळ लागणार."

गल्लीत तेव्हापासून 'दोर अडकणे' हा वाक्प्रचार झाला. कुणी कुणासाठी कोपऱ्यावर रेंगाळला की पानवाला म्हणायचा, दोर अडकलाय. बातमी विश्रांतवाडीला पोचायला कचरूच्या सायकलपेक्षा कमी वेळ लागला. कुणी पोचवली ते विचारू नका, मला खोकला येतो. कचरूच्या घरी एकदा वास्तुपूजनाचं नव्हे हो, बुद्धवंदनेचं जेवण होतं, नव्या खोल्या बांधल्या म्हणून. चंद्रभागावहिनी मला खीर वाढत होत्या. मी सहज विचारलं, "कसं काय चाललंय वहिनी, मजेत?"

"मजेत ना," वहिनी म्हणाल्या. "यांच्या आयुष्यात मी पहिली. दुसरी कोणी नाही. एकदम तिसरीच."

कचरू खिरीत बघत बसला. मला ठसका लागला, तो खरा होता.

मग एका रविवारी बाई आलीच नाही. कचरू दोर धरून दाराकडे बघत उभा. आत टाळ्या सुरू झाल्या. पुण्याचा प्रेक्षक मनापासून टाळ्या वाजवतो ते नाटक उशिरा सुरू होतं तेव्हा. नागोराव तरातरा आले, कचरूच्या हातून दोर काढून घेतला आणि स्वतः घंटा बडवली. चार दिवसांनी मावशीकडून कळलं की विजयमालेला सोलापूरच्या इस्पितळात मोठी जागा मिळाली, ती गेली. जाताना घंटेवाल्याला सांगून जायचं असतं असं तिला कुणी शिकवलं नव्हतं. कशाला शिकवेल?

त्यानंतर रंगविहारची तिसरी पुन्हा ठोक्याला व्हायला लागली. माझी गिऱ्हाइकं खूश झाली. मला मात्र ती वेळेवर झालेली घंटा ऐकवेना.

पुढे मोहिनीत ताडपत्र्यांचं गोदाम झालं. ललितचं मंगल कार्यालय झालं आणि मग मंगलही गेलं, नुसतं पार्किंग राहिलं. रंगविहारचं छत गळायला लागलं, कुलूप लागलं, आत कबुतरांचे प्रयोग सुरू झाले, तेही विनातिकीट. संध्याकाळी गल्लीत अत्तराचा आणि बटाटेवड्यांचा मिळून एक वास असायचा, तो गेला. कचरू महिन्यातून एखाद्या रविवारी यायचा. "अप्पा, घड्याळाचा सेल बदलायचाय." त्याचं घड्याळ चावीचं. चावीच्या घड्याळात सेल बदलायला विश्रांतवाडीहून येणारा हा पुण्यातला एकमेव माणूस. मी ते उघडायचो, फुंकर मारायचो, बंद करायचो. तो तोवर समोरच्या बंद दाराकडे बघत बसायचा. मी म्हणायचो, "कचरूराव, कबुतरं विचारतायत, तिसरी झाली का." तो म्हणायचा, "तुमची जीभ गंजत नाही ना, अप्पा, दुकानात एवढं तेल म्हणून."

आणि आता, दोन वर्षांमागे, गल्ली जिवंत करायची टूम निघाली. कुठलंसं मंडळ, कुठल्याशा कंपन्या, फरशा आल्या, काळे दिव्याचे खांब आले, बाकं आली. ललितच्या पार्किंगचं छोटं थिएटर झालं, मोहिनीच्या ताडपत्र्या गेल्या आणि तिथे लावणीचे वर्ग लागले. ज्यांचे आजोबा मान खाली घालून जायचे त्यांच्या नाती आता ताठ मानेनं फी भरून जातात. मला हे फार आवडतं. आणि रंगविहार नवं झालं. पुढून काचेचा दर्शनी भाग, आत गार हवा, जुनी घंटा मात्र घासूनपुसून पूर्वीच्याच बोळात टांगलेली.

तिथली व्यवस्थापक पूर्वा नावाची मुलगी. गोड आहे, मराठी बोलताना मध्येमध्ये मराठी वापरते. ती माझ्या दुकानात आली.

"काका, अ‍ॅक्च्युअली ओपनिंगला ओरिजिनल बेल रिंग करायला आम्हाला ओरिजिनल पर्सन हवाय. फक्त त्या एका शोला. नंतर बेल रेकॉर्डेडच असणार, सिस्टीमवरून."

मी कचरूला फोन लावला. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "जुन्या लोकांना बोलावलंय म्हणे?"

"कुठल्या जुन्या लोकांना?"

"सगळ्याच."

"पेपरात आलंय. सोलापूर आवृत्तीतही आलं असेल."

"मी सोलापूरचं काही विचारलं का?" कचरू म्हणाला आणि फोन ठेवला.

आदल्या दिवशी पूर्वानं त्याला बोळ दाखवला. मी अर्थात सोबत होतो. कचरूनं घंटेकडे पाहिलंही नाही. आधी दार पाहिलं. जिथे लाकडी दार होतं तिथे आता लोखंडी, आडव्या दांड्याचं, वर छोटी काच.

"हे दार उघडं ठेवा," कचरू म्हणाला.

"ते फायर एक्झिट आहे काका. बाहेरून ओपन होत नाही. लोक फ्रंटनंच येणार सगळे."

"आतून उघडतं ना?"

"हो, पुश केलं की."

"मग झालं," कचरू म्हणाला. काचेतून गल्ली दिसतेय ना, एवढं त्यानं वाकून बघून घेतलं. त्याच्या मनात काय होतं ते मला तेव्हाच कळलं. बाई आली तर धावत याच दारात येणार, आणि तो आतून दांडा ढकलणार. पंच्याहत्तरीला आलेली बाई धावत येईल का, हे त्याच्या हिशेबात नव्हतं. त्याच्याजवळ तिचं दुसरं कुठलं चित्रच नव्हतं.

प्रयोगाच्या दिवशी कचरू कधीचाच आत जाऊन उभा राहिला. नवा पांढरा सदरा. चंद्रभागावहिनी माझ्याबरोबर निघाल्या. इतक्या वर्षांत त्या रंगविहारमध्ये पहिल्यांदा येत होत्या. पूर्वी दोन पोरं, सासू, चार घरची कामं. आता अनिरुद्ध सरकारी कचेरीत मोठा साहेब, सुना नातवंडं, सगळं छान, पण बाईचं नाटक बघायचं राहिलं ते राहिलंच. नऊवारी नेसल्या होत्या, इस्त्रीची.

"वहिनी, आज तिसरी येणार का?" मी चिडवलं.

"मला कशाला विचारता? मी पहिलीपुरती बांधील."

आम्ही पुढच्या काचेच्या दारानं आत जाऊन बसलो. वहिनी माझ्या डाव्या हाताला, बोळात उघडणाऱ्या आतल्या दारालगत. उजव्या हाताच्या खुर्चीत एक म्हातारी बाई आमच्या आधीपासून बसलेली होती. पांढरे केस, जाड चष्मा, मांडीवर पर्स धरून शाळेतल्या मुलीसारखी ताठ. तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं.

"तुम्ही समोरचे घड्याळवाले ना? ओळखलंत का? मी विजयमाला. दवाखान्यातून सुटून यायचे बघा."

माझी वाचा गेली, हे माझ्या घरी सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. शेवटी म्हणालो, "बाई, तुम्ही एवढ्या लवकर?"

"आता कसली ड्यूटी? सोलापूरहून रिटायर झाले, लोणीत भावाकडे असते. पुतण्यानं सोडलं, विश्वजीतनं. तो गाडी लावायला नदीपात्रात गेलाय. जागा मिळेपर्यंत दुसरा अंक होईल."

पहिली घंटा झाली. तोच आवाज, घासल्यामुळे जरा उजळ. दुसरी झाली. लोक बसले. आणि मग काहीच झालं नाही.

मला दिसत नव्हतं, पण दिसत होतं. भिंतीपलीकडे कचरू दोर धरून उभा असणार आणि काचेतून गल्लीकडे बघत असणार. ज्या बाईसाठी थांबला होता ती आत गार हवेत, गादीच्या खुर्चीवर, त्याच्या घंटेची वाट बघत बसली होती. आयुष्यात पहिल्यांदा ती लवकर आली आणि सगळा घोटाळा झाला.

टाळ्या सुरू झाल्या. पूर्वा बोळातून त्या आतल्या दारानं धावत आमच्या बाजूला आली, हातातल्या यंत्रात बोलत. "ते म्हणतायत दोर अडकलाय. बट रोप इज फाइन, मी बघितला. अजून थोडं बघू, नाहीतर रेकॉर्डेड प्ले करा."

बाईंनी मनगटाकडे पाहिलं. "काय हे. आमच्या वेळी असं नव्हतं हो. तिसरी म्हणजे तिसरी. मी एवढी वर्षं ड्यूटी करून यायचे, एकदा म्हणून चुकले नाही. मी खुर्चीत टेकले की तिसरी व्हायची. आमच्या मेट्रन म्हणायच्या, विजे, तुझ्या पायात घड्याळ आहे."

जन्मभर गप्पांचा धंदा केला, पण इतका ऐवज माझ्या हाती कधी आला नव्हता. जीभ अशी वळवळत होती. आणि सांगवेना. एवढ्या वर्षांचा त्या बाईचा वक्तशीरपणा माझ्यासारख्यानं कसा काढून घ्यावा?

माझ्या डाव्या बाजूला बांगड्या वाजल्या. चंद्रभागावहिनी माझ्या पोटावरून पलीकडे वाकल्या.

"बाई, तुम्ही नर्स होता का?"

"हो."

"रविवारी यायचा?"

"हो. तुम्ही कोण?"

"मी पहिली," वहिनी म्हणाल्या. "उठा जरा. इकडं ते दार आहे ना, त्यातून बोळात जा. आमचे हे उभे आहेत घंटेपाशी. तुमच्यासाठी थांबलेत."

"माझ्यासाठी? कशाला?"

"तुम्ही आल्याशिवाय ते वाजवत नाहीत. कधीच वाजवली नाही."

बाईंनी चष्मा सारखा केला. मग हळूच म्हणाल्या, "पण मी वेळेवर यायचे."

"नाही, बाई," वहिनी म्हणाल्या. आवाज, आजारी माणसाला औषध कडू आहे हे सांगावं तसा. "एकदाही नाही."

टाळ्यांचा आता ठेका झाला होता. विजयमालाबाईंनी पर्स खुर्चीवर ठेवली, गुडघ्यावर हात देऊन उठल्या. वहिनींनी पाय आवरून वाट दिली. बाई माझ्यासमोरून गेल्या, वहिनींसमोरून गेल्या, दार ढकलून बोळात गेल्या. दार अर्धवट उघडं राहिलं. म्हणून ऐकू आलं.

"झाली का हो तिसरी?"

त्यानंतर काही नाही. मग कचरूचा आवाज, जरा खरखरीत.

"नाही. व्हायचीये."

यापुढे एक अक्षर गेलं नाही. आताही नाही. बाई परत आल्या, पूर्वी जे अंतर पळत जायच्या ते भिंतीला धरून चालत. बसल्या. पदर सारखा केला. आणि घंटा झाली. मी ती घंटा हजारदा ऐकली असेल. इतका वेळ घुमत राहिलेली ऐकली नव्हती.

अंधार झाला. बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नाव काय त्यांचं?"

"कचरू."

"कचरू," त्या म्हणाल्या, नाडी बघताना मोजावं तसं ओठातल्या ओठात. मग पडदा उठला.

डावीकडून वहिनी पुटपुटल्या, "आमच्यासाठी नाही कधी थांबली घंटा."

"वहिनी, तुम्ही कधी आलाच नाहीत."

"आले असते तरी वेळेवर आले असते, अप्पा. मला उशीर करायला जमलंच नाही कधी."

नाटक कसं झालं ते मला विचारू नका. मध्यंतरात विश्वजीत आला, बाईंचा रक्तदाब वगैरे म्हणत त्यांना घेऊन गेला. जाताना त्या बोळाच्या दाराकडे एकदा बघून गेल्या. कचरू तेव्हा आत पडदा धरून उभा होता.

सुटल्यावर आम्ही तिघं गल्लीत नव्या बाकावर रिक्षेची वाट बघत बसलो. कचरूच्या मांडीवर मंडळाची शाल आणि नारळ.

"घंटा बरी वाजली," कचरू म्हणाला.

"दोर अडकत होता म्हणे," वहिनी म्हणाल्या.

कचरू नारळाची शेंडी कुरवाळत बसला.

"पुढल्या रविवारी मला उशीर होणार आहे," वहिनी म्हणाल्या. "आत्ताच सांगून ठेवते."

पुढल्या रविवारपासून घंटा यंत्रावर होती. कचरूला ते ठाऊक होतं, वहिनींनाही ठाऊक होतं. कचरू म्हणाला, "ये सावकाश."

त्या रविवारी कचरू एकटाच आला. सेल बदलायचाय म्हणाला नाही. समोरच्या बंद लोखंडी दाराला पाठ लावून उभा राहिला, हातात दोन तिकिटं. आत पहिली झाली, दुसरी झाली, तिसरी अगदी ठोक्याला झाली. यंत्रच ते, त्याला कुणाची वाट बघायची नव्हती. दिवे गेले, नाटक सुरू झालं. कचरू हलला नाही. मी दोनदा भिंग लावलं, दोनदा काढलं.

मग कोपऱ्यावर रिक्षा थांबली. चंद्रभागावहिनी उतरल्या आणि मजेत, फरशा बघत, एकेका दिव्याच्या खांबापाशी रेंगाळत आल्या. त्यांना उशीर करताना मी पहिल्यांदाच बघत होतो. काही म्हणा, बाईला जमला.

दारापाशी येऊन त्या थांबल्या. "झाली का हो तिसरी?"

"नाही," कचरू म्हणाला. "व्हायचीये."

तेवढ्यात आतून हशा आला, भिंतीपलीकडून, चांगला घर भरल्यासारखा. वहिनींनी भुवई वर केली. "मग हे काय चाललंय?"

"दोर अडकलाय," कचरू म्हणाला, आणि बाकावरची धूळ रुमालानं झटकून त्यांना बसायला जागा केली.